मागच्या सीटवरची साक्ष

चष्मा पुसायचं कापड शोधायला म्हणून तिने पिशवीत हात घातला, तर हाताला गोळ्यांच्या पट्ट्या लागल्या. एक नाही, दोन नाही, सहा. वर रबर लावून नीट बांधलेल्या. गाडी पेट्रोल भरायला थांबली होती. मुलगा खाली उतरून टायरला उगीचच लाथ मारून बघत होता, सून पुढच्या सीटवर पाय वर घेऊन फोनवरचा नकाशा मोठा-लहान करत होती, आणि मागच्या सीटवर स्टेनोबाई पट्ट्या मोजत होती. कोर्टातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये, वाण्याकडे, डॉक्टरकडे तिला सगळे अजून स्टेनोबाईच म्हणत. पट्टीत पंधरा गोळ्या. सहा पंधरे नव्वद. रक्तदाबाची गोळी रोज एक. आणि सहल तीन दिवसांची: शुक्रवार, शनिवार, रविवार, तळ्याकाठची तीन गावं, दोन मुक्काम, रविवारी संध्याकाळी आपल्या घरी. पट्ट्यांखाली प्लॅस्टिकची फाइल होती. तिच्यात जुन्या चिठ्ठ्या, रक्त तपासल्याचे कागद, ओळखपत्राची प्रत आणि त्या प्रतीच्या मागे तिचे स्वतःचे तीन फोटो. पिशवी सुनेने भरली होती. तीन दिवसांच्या सहलीला तीन महिन्यांचं औषध कुणी भरतं का? भरतं. कोण भरतं आणि कशासाठी, हे तिला चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच तिने पट्ट्या होत्या तशा ठेवल्या, वर शाल सारखी केली, आणि सुनेने मागे वळून “आई, पाणी हवंय?” असं विचारलं तेव्हा ती “नको गं” म्हणाली, अगदी रोजच्यासारखी.

पर्समध्ये तिची वही असायची, तारेच्या कण्याची, वरून उलटायची. एकतीस वर्षं न्यायाधीशांच्या टेबलाखालच्या छोट्या टेबलाशी बसून तिने लोकांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवलं. न्यायाधीश बदलले, पंखे बदलले, तिची खुर्ची तीच. रडणारे आले, शिव्या देणारे आले, एकाच वाक्यात तीनदा देवाची शपथ घेणारे आले. तिने सगळ्यांना सारखंच लिहिलं, बारीक रेघांत, आडव्या, तिरक्या, वळणाच्या. घरात ती लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. नवरा होता तेव्हा म्हणायचा, “तुझी वही म्हणजे मुंग्यांची वरात.” आता तिने वही मांडीवर घेतली आणि गाडी सुरू होताच पहिली नोंद केली. शुक्रवार, साडेनऊ.

प्रश्न: सहा पट्ट्या कशाला?
उत्तर: विचारलेलं नाही.
प्रश्न: का विचारलेलं नाही?
उत्तर: विचारलं की साक्षीदार सावध होतो.

“काय लिहिताय, आई?” सुनेने आरशातून पाहिलं.

“प्रवासवर्णन.”

“बाप रे. मला चांगलं लिहा हं. गोरी, नाजूक वगैरे.”

“जे बोलाल तेच लिहिते मी,” ती म्हणाली. मुलगा हसला. त्याचं हसणं किंचित जास्त वेळ चाललं, असं तिला वाटलं, आणि तेही तिने लिहिलं.

रस्ता शहरातून सुटला तशी घरं बुटकी होत गेली, मग तीही विरळ झाली, शेतं आली, दोन्ही बाजूंना झाडं आली, त्यांच्या खोडांना पांढरे पट्टे. खिडकीतून झाडं मागे पळत होती, आणि तिला वाटलं की आपण मोजली जातोय, एक, दोन, तीन, कुणीतरी आपल्याला मोजून कुठेतरी पोचवतंय. मुलगा लिफ्ट तपासणारा इन्स्पेक्टर. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टला वर्षातून एकदा त्याची सही लागते. जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात असं तो मानतो, लिफ्टचं दार हाताने अडवणारी आणि न अडवणारी. सून दात बनवते. डॉक्टरांकडून साचे येतात, ती त्यांवर कवळ्या करते, आणि त्यामुळे कुणाशीही बोलताना ती आधी तोंडात बघते, मग डोळ्यांत. दोघांचं बरं चाललं होतं. मूल नाही, त्याबद्दल आता कुणी बोलत नाही. पण अशी अचानक सहल त्यांनी आजवर कधी काढली नव्हती, आणि काढली तरी तिला घेऊन नव्हे. मुलाने बुधवारी चहा घेताना सांगितलं होतं, “आई, तळ्यावर जाऊ या. तुला पाणी बघायला आवडतं ना?” तिने लगेच म्हटलं होतं की हवा दमट असते, गुडघे धरतात, तुम्ही दोघं जा. तो ऐकेना. गुरुवारी पुन्हा तेच, पाणी आवडतं ना. आज गाडीत बसताना पुन्हा. तीनदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला नको असतं. त्याला फक्त हो हवं असतं.

पहिलं गाव आलं दुपारी. तळं कसलं, समुद्राचं धाकटं भावंड. पलीकडचा काठ उन्हात दिसतो न दिसतोसा. काठाने एकच लांब रस्ता, रंगीत होड्या, दोरीवर वाळणारे टॉवेल, टोप्यांची दुकानं. लॉजच्या मालकाने हसून स्वागत केलं आणि सून हळूच पुटपुटली, “वरचे चार खोटे. आणि स्वस्तातले.” मग मोठ्याने, “खोली तळमजल्यावरच हवी हं. आणि बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का? आईंना लागतो.” आईंना लागतो. घरच्या बाथरूमला दांडा नव्हता, बादलीला धरून ती गेली आठ वर्षं मजेत अंघोळ करत होती. तिला वाटलं, ही रंगीत तालीम आहे. म्हातारीला खाली ठेवून बघायचं, दांड्याला धरून बघायचं, परक्या खाटेवर झोपते का बघायचं. संध्याकाळी तिघं काठाने फिरली, मुलाने तिचा हात धरला. हात मऊ होता, घाम आलेला होता. लहानपणी शाळेतून काहीतरी मोडून आला की त्याच्या हाताला असाच घाम यायचा. ती त्याच्याशी हवापाण्याचं बोलली. पलीकडच्या काठाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

शनिवारी पहाटे तिला जाग आली ती कुजबुजीने. दोघं व्हरांड्यात उभी होती, पडद्यावर त्यांच्या सावल्या. सून काहीतरी म्हणाली, मुलगा म्हणाला, “अजून हळू.” मग पुन्हा सून, मग मुलगा, “नाही, काहीच नाही.” मग दोघं थांबली, जणू वाट बघत. ती गादीवर निपचित पडून राहिली. वहीत नोंद झाली ती दात घासायच्या आधी.

प्रश्न: काय बोलत होतात?
उत्तर: अजून हळू.
प्रश्न: कुणापासून लपवून?
उत्तर: नाही, काहीच नाही.

ही त्यांचीच उत्तरं होती, तिने फक्त प्रश्न घातले होते. असं करायचं नसतं. एकतीस वर्षांत तिने कुणाच्या तोंडी न बोललेला शब्द घातला नव्हता. आता स्वतःच्या पोराच्या बाबतीत तिचा हात आपोआप चालत होता. पेन्सिलचं टोक मोडलं, तिने ते नखाने सोललं आणि पुढे लिहिलं.

दुसऱ्या गावाच्या वाटेवर पांढरी इमारत लागली. चार मजली, समोर हिरवळ, हिरवळीवर लाकडी बाकं आणि बाकांवर म्हातारी माणसं. सगळी. एकही तरुण नाही. डोक्याला टोप्या, गळ्यात ओळखपत्रं, तोंडं पाण्याकडे. मुलाने गाडी कडेला घेतली. “रस्ता विचारून येतो,” म्हणाला, आणि फोनवर नकाशा असणारी सून नखं बघत बसली. तो पंचवीस मिनिटांनी आला. रस्ता विचारायला पंचवीस मिनिटं! शर्टाची उजवी बाही काळी झाली होती, त्याने ती घाईने दुमडली. “सापडला का रस्ता?” तिने विचारलं. “अं? हो हो, सरळच आहे,” तो म्हणाला. सून त्याच्याकडे बघून डोळे फिरवत म्हणाली, “तू ना, सुधारणार नाहीस.” आणि स्टेनोबाईला बाकावरची एक बाई दिसली, जिचा पदर वाऱ्याने सुटला होता आणि जी तो सावरत नव्हती. मग गाडी हलली, बाक मागे गेलं, पण पदर गेला नाही, तो तिच्या डोळ्यांपुढे फडफडत राहिला, कारण तसाच एक ओळखीचा होता, करड्या काठाच्या साडीचा, तिनेच घेतलेल्या, आत्याच्या वाढदिवसाला.

आत्या म्हणजे तिची सख्खी आत्या. आई गेली तेव्हा ही चार वर्षांची, आणि आत्याने तिला मांडीवर घेतलं ते शेवटपर्यंत. लग्न झालं तेव्हा ती पाठराखीण म्हणून आली आणि राहिलीच. दोन खोल्यांत चौघं. पोराला आत्याने वाढवलं. तोही तिला आत्याच म्हणायचा, आईची आत्या म्हणजे जगाची आत्या. मग आत्या विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग गॅस. दोनदा खोलीभर गॅस. तिसऱ्या वेळी दूधवाल्याने दार ठोठावलं म्हणून निभावलं. कोर्टात तेव्हा मोठा खटला चालू होता, रजा मिळण्यासारखी नव्हती, नवरा म्हणाला, “तू ठरव, तुझी आत्या आहे.” तिने ठरवलं. वृद्धाश्रमात फोन केला, जागा होती. पोराला शाळेत सोडून ती आत्याला घेऊन निघाली, बसने. “कुठं गं?” “तळ्यावर. तुला पाणी बघायला आवडतं ना?” पिशवीत तीन महिन्यांच्या गोळ्या. तिकडे गेल्यावर आत्या बाकावर बसली आणि ती आत कागदांवर सह्या करायला गेली. बाहेर आली तर आत्या म्हणाली, “तू नीघ. उन्हाने तुझं डोकं दुखतं.” एवढंच. आत्याने एकही प्रश्न विचारला नाही. मुलाला सांगितलं की आत्या तिच्या भाच्याकडे गेली, लांब. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिला ते चांदणं आताच्या भर उन्हातही दिसत होतं, पलीकडच्या काठावर, बारीक, लखलखतं. त्या काठावरच ती जागा होती. हेच ते तळं. आणि तिचा मुलगा, काही माहीत नसलेला, तिला नेमका इथे घेऊन आला होता. काही माहीत नसलेला? कशावरून?

शनिवारची दुपार, संध्याकाळ, रविवारची सकाळ, तिने वहीची अकरा पानं भरली. दुसऱ्या गावात पुन्हा तळमजला. सुनेने तिच्यासाठी वेगळी मऊ भाजी करवून घेतली. मुलाने दुकानातून तिला नवी चप्पल घेऊन दिली, मागे पट्टा असलेली, घसरणार नाही अशी. माणूस दूर ठेवायचं ठरलं की आधी त्याचे लाड होतात. होडीत बसायला तिने साफ नकार दिला, मग दोघंही बसली नाहीत, सुनेचं तोंड उतरलं. “तुम्ही दोघं जा की,” ती म्हणाली. “तुम्हाला एकटं सोडून?” सून म्हणाली. तेही लिहिलं, खाली रेघ मारून. रविवारी तिसऱ्या गावाला जेवणं झाली आणि परतीच्या रस्त्यावर, घाट चढून गेल्यावर, गाड्या थांबवायची एक मोकळी जागा आहे तिथे मुलाने गाडी थांबवली. खाली सगळं तळं उघडं पडलं होतं. तो वळला आणि म्हणाला, “आई, तुझ्याशी जरा बोलायचंय.”

तिने वही मिटली. डोकं लख्ख झालं.

“बोलायचंय ना? मग आधी मी बोलते. मला सगळं कळलंय.”

“काय कळलंय?” सून म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस. तुझी पाळी येईल.” आणि तिने वही न उघडता, एकही नोंद न चुकवता, वारानिशी आणि वेळेनिशी सगळं म्हणून दाखवलं. पट्ट्या. फोटो. दांडा. कुजबुज. पांढरी इमारत, पंचवीस मिनिटं, काळी बाही. चप्पल. दोघं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग सुनेला हसू फुटलं, ते तिने हाताने दाबलं, तरी खांदे हलत राहिले.

“अहो आई, तो डबा! निघताना घाई झाली, मी कपाटातला औषधांचा अख्खा डबाच पिशवीत रिकामा केला. कोण मोजत बसतंय! आणि फोटो त्या प्रतीला चिकटलेलेच असतात, मला काय माहीत मागे कोण आहे ते.”

“आणि पांढरी इमारत?”

“हॉटेल आहे ते,” मुलगा म्हणाला. “म्हाताऱ्यांची सहल आली होती बसने. गाडीतून दिसलं की बाहेरच्या भिंतीवरची काचेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय आणि दार उघडंच. कुणीतरी पडलं असतं, आई. मी नुसता कसा जाऊ? हिला कबूल केलं होतं की सुट्टीत एकाही लिफ्टला हात लावणार नाही, म्हणून रस्ता विचारतो म्हटलं.”

“मी काय आंधळी आहे?” सून त्याला म्हणाली.

“आणि कुजबुज?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलाने मानेमागे हात फिरवला. “तेच बोलायचं होतं. आम्हाला वाटतं तुला ऐकू कमी येतंय. टीव्ही किती मोठा लावतेस. पहाटे तू जागी आहेस असं वाटलं, म्हणून पडद्याबाहेर उभं राहून हळू हळू बोलून बघत होतो, तुला कुठपर्यंत ऐकू येतं. तुझ्या कानांबद्दल तोंडावर बोलायची हिंमत कुणाची आहे? म्हटलं दोन दिवस फिरवून आणू, जरा खूश असशील तेव्हा सांगू, की यंत्र घेऊ या.”

तिला लाज वाटायला हवी होती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या आत इतकं सगळं रचून तयार होतं की ते आता थांबेना, उतारावरच्या गाडीसारखं पुढेच आलं. “मला शिकवू नका,” ती म्हणाली, “मला ठाऊक आहे कसं करतात ते. आधी फोन करून जागा आहे का विचारतात. मग तीन फोटो, एक फॉर्मला, एक खाटेवरच्या पाटीला आणि एक, एक शेवटच्या कागदासाठी. तळमजला मागून घ्यावा लागतो, नाहीतर वर टाकतात. आणि सही करून द्यावी लागते की पहिले पंधरा दिवस भेटायला येणार नाही, नाहीतर माणूस रुळत नाही.”

वारा काचेवर आपटत होता. सुनेचं हसू कधीच थांबलं होतं.

“पंधरा दिवस?” मुलगा म्हणाला.

“सगळीकडे असतो तो नियम.”

“सगळीकडे म्हणजे कुठे, आई?”

आणि तिला तो साक्षीदार आठवला, मोठ्या खटल्यातला, सुताराचा धंदा करणारा. आपण त्या घरात पाऊलही टाकलं नाही असं तो दोन दिवस सांगत होता, आणि तिसऱ्या दिवशी, कुणी न विचारता, म्हणाला की आतल्या खोलीच्या पडद्यावर मोर होते. वकील नुसता खाली बसला. आणि ती, तेव्हा तरुण, पेन्सिल न थांबवता मोर लिहीत होती आणि मनात म्हणत होती, मेल्या, कशाला बोललास.

मुलगा दार उघडून खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि मागचं दार उघडून तिच्याशेजारी बसला. इतक्या जवळून त्याने तिच्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. कानशिलावर त्याचे केस पांढरे झाले होते.

“आत्या भाच्याकडे गेली होती ना?”

“नाही.”

“मग?”

“ठेवली होती.”

“कुणी?”

“मी.”

“बाबांना माहीत होतं?”

“हो.”

सून समोर बघत बसली होती, हालचाल न करता, जशी अनोळखी माणसाच्या घरात बसावी.

“मी चौथीत होतो,” मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “परीक्षा चालू होती. तू सांगितलंस आत्या गेली, झोपेत गेली. मी पेपरला गेलो नाही. आठवतंय?”

“आठवतंय.”

“तेव्हा गेली?”

तिला नाही म्हणता आलं असतं किंवा हो. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? कागद नव्हते, साक्षीदार नव्हते, नवरा नव्हता. पण तू रोज विचारायचास रे, तिच्याकडे कधी जायचं, रोज, जेवताना, झोपताना, मी कुठून आणणार होते रोज नवं उत्तर, म्हणून एकदाच शेवटचं दिलं. हे सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच सुकलं.

“तू दहावीत होतास तेव्हा,” ती म्हणाली.

त्याने बोटांवर मोजलं. खरंच मोजलं, लहान मुलासारखं, अंगठ्याने एकेक बोट दाबत.

“किती वेळा गेलीस भेटायला?”

“चारदा.”

“सहा वर्षांत?”

“सात.”

“माझं विचारायची?”

“पहिल्या दोनदा विचारलं. नंतर मला कुणीतरी वेगळीच समजायची. तुझं नाव मात्र हाका मारताना यायचं, असं तिथली बाई सांगायची.”

तो उतरला. कठड्यापर्यंत गेला आणि पाठ करून उभा राहिला. सून उतरून त्याच्याकडे जाऊ लागली, अर्ध्यात थांबली, परत आली, आपल्या जागी बसली. “आई,” ती म्हणाली. स्टेनोबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. या तीन दिवसांत तिने त्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावला होता, आता त्या पाठीचा तिला काहीच लावता येईना. तो तिला इथेच सोडून गेला असता तरी तिने हूं की चूं केलं नसतं. खाली एक होडी निघाली होती, खूप लहान, तिच्यामागे पांढरी रेघ.

तो आला, चालवायच्या जागेवर बसला, पट्टा लावला. किल्ली फिरवली नाही.

“ती जागा आहे अजून?”

“माहीत नाही.”

“कुठे होती?”

तिने हात उचलला. दिशा बरोबर होती, पाण्यापलीकडे, जिथे काठ उन्हात विरघळला होता. पुढे बसलेल्या दोघांनी त्या बोटाच्या रोखाने पाहिलं.

“किती वेळ लागेल?”

“घाटापासून बसला दीड तास लागायचा.”

त्याने गाडी सुरू केली. सुनेने फोन उचलला, नकाशा उघडला, आणि मग, काय वाटलं कोण जाणे, तो उलटा करून मांडीवर ठेवला. घाट उतरून गाडी तिठ्याशी आली. शहराकडे जाणारी पाटी उजवीकडे होती, मोठी, हिरवी. डावीकडे पाटी नव्हतीच, नुसता रस्ता, अरुंद, झाडीत शिरणारा. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मुलगा आरशात तिच्याकडे बघत थांबून राहिला.

“डावीकडे,” ती म्हणाली. “मग पुलापर्यंत सरळ. पूल ओलांडला की सांगते.”